वसुंधरा चित्रपट महोत्सव आणि खानदेश

वन्यजीव, पाणी, ऊर्जा, कचरा अशा विषयांवरचे माहितीपट दाखवणारा महाराष्ट्रातील सुपरिचित महोत्सव. पूर्ण नाव ‘किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव’. किर्लोस्कर उद्योगसमूहाच्या पाठबळावर २००७ साली तो पुण्यात सुरू झाला. संयोजनाची धुरा वीरेंद्र चित्राव यांनी सांभाळली. पुढे तो राज्यातल्या इतर शहरांत गेला, त्यांत खानदेशातले जळगावही आहे. प्रवेश विनामूल्य. दरवर्षी एक मध्यवर्ती विषय असतो आणि चित्रपटांच्या जोडीला छायाचित्रांचे प्रदर्शन, व्याख्याने, निसर्गफेऱ्या होतात. याच चळवळीतून पुण्यात रामनदीच्या पुनरुज्जीवनाचे काम उभे राहिले.

निसर्गपटांचे महोत्सव जगाला नवे नाहीत. ब्रिस्टलचा ‘वाइल्डस्क्रीन’ १९८२ पासूनचा. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीजने २००२ मध्ये ‘वातावरण’ सुरू केला आणि तो गावोगाव फिरवला. निसर्गसंरक्षण करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कामासाठी महोत्सव कसा वापरावा, याचे ठळक उदाहरण मात्र कॅलिफोर्नियातले आहे. युबा नदीवरच्या प्रस्तावित धरणांना विरोध करण्यासाठी १९८३ मध्ये ‘साउथ युबा रिव्हर सिटिझन्स लीग’ स्थापन झाली. १९९९ मध्ये नदीच्या ३९ मैलांच्या पट्ट्याला राज्याचे कायदेशीर संरक्षण मिळाले आणि २००३ मध्ये संस्थेने ‘वाइल्ड अँड सीनिक’ महोत्सव भरवला. त्यातले निवडक चित्रपट घेऊन इतर संस्था आपापल्या गावी खेळ लावतात आणि त्यातून सभासद व निधी मिळवतात. आपल्याकडे वसुंधरा महोत्सवाच्या खर्चाचा भार उद्योगसमूहाने उचलल्यामुळे तिकिटाची अडचण उरली नाही, हे चांगलेच झाले. पण खेळ संपल्यावर प्रेक्षकाचा हात धरून त्याला कामाला लावणारी स्थानिक संस्था लागतेच. जळगावची वन्यजीव संरक्षण संस्था आणि सातपुड्यात काम करणारे इतर निसर्गप्रेमी गट यांचे मोल इथे कळते.

चित्रपटाने कायदा हलतो याचा भारतातला दाखला म्हणजे माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (२०००). गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी व्हेल शार्कची कत्तल त्यात दिसली आणि २००१ मध्ये हा मासा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आला. मराठीत ‘आजोबा’ (२०१४) या सुजय डहाके दिग्दर्शित चित्रपटाने माळशेज परिसरातून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या बिबट्याची खरी गोष्ट नेहमीच्या प्रेक्षकापर्यंत नेली.

खानदेशाकडे तर पडद्यावर यावे असे कितीतरी आहे. रानपिंगळ्याचेच घ्या. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशात नोकरीला असलेले ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याहून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९१४ सालचा म्हणून रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी जो नमुना मिरवला, तो संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला डेव्हिडसन यांचाच नमुना असल्याचे पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यासह दाखवून दिले. याच रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.

हा पक्षी ओळखणे अवघड नाही. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो भरदिवसा सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसतो आणि शेपटी झटकतो. घुबडाला अपशकुनी मानणाऱ्या आणि जादूटोण्यासाठी त्याचा जीव घेणाऱ्या समजुती अजून गेलेल्या नाहीत. अशा ठिकाणी पाच मिनिटांची फीत जे दाखवते, ते भाषणातून पोचत नाही.

दुसरा विषय वाघाचा. यावल अभयारण्य (१९६९, सुमारे १७५ चौ. किमी) आणि मुक्ताईनगर तालुक्यातले मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र (२०१४, सुमारे १२२ चौ. किमी) हे मेळघाटाकडून सातपुड्याच्या पश्चिम टोकाकडे जाणाऱ्या वाटेवरचे टप्पे. मधल्या केळीच्या बागा दाट, थंड आणि पाणी भरलेल्या, रानडुकरेही तिथेच. डोलारखेडा परिसरात वाघ अशा बागांत येतो. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा पाणी भरायला बॅटरी घेऊन एकट्याने जाणारा शेतकरी आणि त्याच बागेत विसाव्याला आलेला वाघ, हा प्रसंग आफ्रिकेतल्या सिंहांच्या चित्रपटाहून इथल्या माणसाला कितीतरी जवळचा आहे. यावलमधले अतिक्रमण, हतनूर धरणावर हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी, शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य हे विषयही आहेतच.

उणीव दिसते ती प्रेक्षकांत. महोत्सव शहरातल्या सभागृहात भरतो, बरेच चित्रपट इंग्रजी निवेदनाचे असतात आणि समोर बहुतांशी विद्यार्थी व आधीपासूनच निसर्गाची आवड असलेली मंडळी बसतात. सातपुड्यातल्या पाल, जामन्या इथली पावरा, बारेला, तडवी, भिल्ल कुटुंबे, वनमजूर, मेंढपाळ, केळीउत्पादक त्यात क्वचितच असतात. जंगलाचे बरेवाईट यांच्याच हातून व्हायचे आहे. शाळेच्या मैदानात पांढरा पडदा, भाड्याचा जनरेटर, पावरी किंवा अहिराणीतून बोलणारा गावातलाच कोणी आणि खेळानंतर वनरक्षकाशी समोरासमोर बोलणे, एवढी जोड मिळाली तर महोत्सव खऱ्या अर्थाने खानदेशचा होईल. त्यासाठी मुहूर्तही तयार आहेत: ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताहाचा, ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताहाचा.

स्थानिक कथानक शोधायलाही दूर जायला नको. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या आदिवासी पाड्याने कुऱ्हाडबंदी, दंड आणि पाळीने राखण करून उजाड झालेले रान पुन्हा वाढवले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात गावात वनभाज्यांची स्पर्धा भरते. रानातून आणलेल्या भाज्या रांधून बायका मांडतात, कोणती भाजी कुठे उगवते आणि कशी शिजवायची ते बाहेरून आलेल्यांना सांगतात.