बावखलाचं पाणी

मुलगी द्यायच्या आधी जाणती माणसं वैशाखात मुलाच्या वाडीत जायची आणि पहिल्यांदा बावखल बघायची, असं आजी सांगायची. बावखल म्हणजे आमच्या वसईच्या पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आसपासच्या विहिरींना पुरायचं. त्यावर केळी, पानवेली, मोगरा पोसायचा. पहाटे देवळाची घंटा झाली की रहाट सुरू व्हायचे. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालंच तर ते रविवारच्या मिस्सेआधी मिटवायचं, असा आजीच्या घरचा दंडक होता.

वडिलांच्या गोष्टींत टँकर येतात. वस्ती वाढत गेली तसं वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून विकलं जाऊ लागलं. समुद्राकाठी गोडं पाणी उपसलं की खारं आत सरकतं आणि वाडी जळते. 1980च्या दशकाअखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. मोर्च्यांत ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी बरोबरीनं चालले. विहीर आणि झाड आमच्या घरच्या प्रार्थनेत आली ती तेव्हापासून, असं वडील सांगत. सृष्टीच्या जतनाविषयीचं पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2015 मध्ये आलं.

नोकरीमुळे मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात आले. मेंढा-लेखा इथून जवळच. या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलणं चालू राहतं. बांबू कधी आणि किती तोडायचा, हेही गाव बसूनच ठरवतं.

त्या ग्रामसभेबद्दल ऐकताना वसईत काय निसटलं ते मला उमगलं. आमच्याकडे समिती होती, मोर्चे होते, धर्मगुरू पाठीशी होते. वाडी विकायची का, बावखल बुजवायचं का, हे मात्र ज्याचं त्यानं आपल्या घरात ठरवलं.

25 जुलै 2024 रोजी फादर दिब्रिटो गेले. काही गावांत तरुण मुलं बावखलांतला गाळ काढताहेत, याचा मला फार आनंद आहे. तेवढ्यावर भागणार नाही. प्रत्येक धर्मग्रामानं शेजारच्या हिंदू घरांनाही बोलवावं, एकत्र बसावं आणि उरलेलं एकही बावखल बुजवायचं नाही, हे सर्वांच्या संमतीनं ठरवावं. सृष्टी देवाची आहे असं आम्ही मानतो. मग आपल्या हद्दीतल्या पाण्याचा हिशेब आम्ही सगळेच त्याला देणं लागतो.