शाळकरी मुलांची एकांतसाधना



रोमन कॅथलिक पंथाच्या पुष्कळ हायस्कुलांत एक जुनी चाल आहे. वर्षांतून कांहीं दिवस नेहमींचे तास बंद ठेवावयाचे, आणि मुलांनीं शांतपणें आपल्या आयुष्याचा विचार करावयाचा. ह्या चालीस रिट्रीट म्हणतात. आपण तिला एकांतसाधना म्हणूं. गणित आणि व्याकरण मुलांकडून करवून घेतां येतें. परंतु अंतर्मुख होणें हेंही वेळापत्रकांत बसवितां येईल काय, हा ह्या चालीच्या इतिहासांतील खरा प्रश्न आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ एका जखमी शिपायापासून होतो. २० मे १५२१ रोजीं स्पेनमधील पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें इग्नेशस लॉयोला याचा पाय मोडला. अंथरुणास खिळला असतां त्यानें ख्रिस्ताचें व संतांचें चरित्र वाचलें आणि तरवार खालीं ठेवण्याचा निश्चय केला. १५२२ मध्यें तो मानरेसा गांवीं गेला व कित्येक महिने प्रार्थनेंत राहिला. तेथील अनुभवांच्या टिपणांतूनच ‘आध्यात्मिक साधना’ हा त्याचा ग्रंथ पुढें सिद्ध झाला. १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं त्यास मान्यता दिली.

मध्यंतरीं ह्या मनुष्यानें तेहतिसाव्या वर्षीं बार्सेलोना येथें लहान मुलांच्या शेजारीं बसून लॅटिनचे धडे गिरविले. पुढें अल्काला येथें विद्यार्थी असतांना तो लोकांस साधना शिकवूं लागला, तेव्हां धर्माधिकाऱ्यांस संशय आला व १५२७ मध्यें त्यास तुरुंगवास घडला.

हा ग्रंथ वाचून बाजूस ठेवण्याचा नव्हे; मार्गदर्शकानें जवळ बाळगावयाची ती पोथी आहे. संपूर्ण साधना सुमारें तीस दिवसांची असून तिचे चार भाग आहेत : स्वतःच्या पापांचें चिंतन, ख्रिस्ताचें जीवन, त्याचें दुःखभोग आणि त्याचें पुनरुत्थान. प्रारंभींच्या सूचनांपैकीं दोन आम्हां शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, साधकाचें वय, विद्या आणि कुवत पाहून साधना बेतावी. दुसरी याहून मोलाची : साधक आयुष्याची दिशा ठरवीत असतां मार्गदर्शकानें कोणत्याही बाजूस झुकूं नये, तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यें उभें राहावें.

पॅरिस येथें १५३४ सालीं फ्रान्सिस झेवियर यानें इग्नेशसच्याच देखरेखीखालीं ही साधना केली; तोच झेवियर १५४२ मध्यें गोव्यास उतरला. जेझुइट संघांत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास ही साधना करावी लागे. १६१६ सालीं छापलेल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हेही त्याच संघाचे.

ग्रंथास मान्यता मिळाली त्याच १५४८ सालीं सिसिलींतील मेसिना येथें जेझुइटांचें विद्यालय निघालें आणि मग युरोपभर अशीं विद्यालयें झालीं. येथेंच अडचण उभी राहिली. मूळ साधना एका मार्गदर्शकाची व एका साधकाची; शाळेंत मुलें शेंकड्यांनीं. तेव्हां तीस दिवसांचे तीन-चार दिवस झाले आणि खासगी संभाषणाच्या जागीं व्याख्यान आलें. व्याख्यान म्हटलें कीं वक्त्यास परिणाम साधण्याचा मोह होतोच. नरकाचें चिंतन हा मूळ साधनेंतील एक लहानसा भाग. तोच कित्येक ठिकाणीं मुख्य होऊन बसला. डब्लिनच्या बेल्व्हेडिअर कॉलेजांत शिकलेले जेम्स जॉइस यांनीं १९१६ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या आपल्या कादंबरींत अशाच एका रिट्रीटचें चित्र काढिलें आहे. गंमत अशी कीं, ती साधना झेवियरच्याच सणानिमित्त भरलेली आहे. नरकाचें वर्णन ऐकून त्यांतील सोळा वर्षांचा मुलगा भयानें गर्भगळित होतो. कादंबरी कल्पित खरी. पण तराजूच्या कांट्यावर हात ठेवला म्हणजे काय होतें, तें तींत स्पष्ट दिसतें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वारें फिरलें. १९४४ मध्यें मायोर्का बेटावर तरुणांसाठीं सुरू झालेली ‘कुर्सिल्यो’ ही अल्पमुदतीची साधना, आणि १९६५ मध्यें अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं निघालेला किशोरांचा उपक्रम, यांनीं नवें वळण घातलें. त्याच वर्षीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें श्रद्धेच्या बाबतींत कोणावरही सक्ती होतां कामा नये, असें जाहीर केलें. आज अमेरिकेंतील अनेक कॅथलिक हायस्कुलांत ‘कायरॉस’ नांवाची तीन-चार दिवसांची साधना होते. तींत वरच्या वर्गांतील मुलेंच आपले अनुभव सांगतात, आणि आईबापांनीं लिहिलेलीं पत्रें मुलांच्या हातीं पडतात. वयांत आलेल्या मुलास बापाचें मन पत्रांतून प्रथमच कळावें, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

तथापि भीतीच्या जागीं भावनेचा पूर आला, एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. चारचौघांच्या डोळ्यांत पाणी आलें कीं पांचव्यास कोरडें राहण्याचा संकोच वाटतो. तेंही एक दडपणच. शाळेनें मुलाला जागा द्यावी, वेळ द्यावा, विचारील त्यास उत्तर द्यावें. पण निर्णय त्याचा त्यास करूं द्यावा. कोणत्याही धर्माच्या शाळेस ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. ती लावणारा पहिला मनुष्य स्वतः इग्नेशस होता, एवढें आपल्या नजरेस आणून मी आपली रजा घेतों.