गायन पार्टी (नांदेड–लातूर)

भीमगीते व बुद्धगीते गाणारा वस्तीतला गायकसंच. नांदेड व लातूर जिल्ह्यांत पोरासोरांची नवी पार्टी उभी राहते ती बहुधा १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या तोंडावर. शाळा सुटल्यावर मुले-मुली विहारात किंवा समाजमंदिरात जमतात आणि एखादा जाणता पेटीवाला त्यांना चाली बसवून देतो. ढोलकी आणि पेटी बहुतेक मागून आणलेली असते. खंजिरी नसली तर टाळ्यांवर भागते.

या गाण्याचे मूळ सत्यशोधक जलशांत आणि त्यांतून निघालेल्या आंबेडकरी जलशांत आहे. नाशिककडे १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांनी जलसा गाजवला. जलशातले वग-संवाद गायन पार्टीने सोडले, गाणे तेवढे ठेवले. बैठक, टाळी आणि दोन पार्ट्यांचा सवाल-जवाबी मुकाबला तिने कव्वालीकडून घेतला. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या भागाच्या कानाला कव्वाली परकी नव्हतीच. १९५६च्या बौद्ध धर्मांतरानंतर नव्या गाण्यांची गरज पडली. ती वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवींनी भागवली. त्यांची गाणी गावोगाव वह्यांतून उतरवली गेली. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते, म्हणून गाणे कुठेही गेले तरी कोणाचे ते कळते.

पार्टीचा कणा म्हणजे कोरस. मुख्य गायकाचे नाव फलकावर लागते. पण त्याला दम घ्यायला उसंत मिळते ती कोरसने धृपद उचलल्यावरच. नवी मुले आधी कोरसलाच बसतात. गायक प्रल्हाद शिंदे यांनीही उमेदवारीच्या काळात इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरस केला होता. कोरसला बसणाऱ्या या मुलांच्याच वयाची पोरे एके काळी न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत ‘डू-वॉप’ हे समूहगान गात. तेरा वर्षांचा फ्रँकी लायमन १९५६ मध्ये त्यातूनच पुढे आला. तिथे प्रत्येकाचा सूर वेगळा लावून मेळ साधत. इथे सगळे एकच चाल गातात, फार तर मुली वरच्या सप्तकात. त्यामुळे आवाज फुटायच्या वयातल्या मुलांची पंचाईत होते. पट्टी चढली की ती ओठ हलवत बसतात, आणि पेटीवाला ते बरोबर हेरतो.

पहिला कार्यक्रम आपल्याच वस्तीत, बिदागीविना. श्रोते दहा-वीस रुपयांचे बक्षीस देतात आणि देणाऱ्याचे नाव माईकवरून पुकारले जाते. गाणे मध्येच तुटल्याची तक्रार कोणी करीत नाही. पुढे बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, पौषात दाभडजवळच्या बावरीनगरची धम्म परिषद अशी वर्षाची फेरी ठरते. १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी, विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्यासाठी झालेल्या नामांतर लढ्याची गाणी होतात. त्या लढ्याच्या काळात १९७८ मध्ये मारले गेलेले टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि १९९३ मध्ये नांदेडला आत्मदहन केलेले गौतम वाघमारे हे दोघेही याच मुलखातले. त्यांच्यावरची गाणी मुलांना बसवताना पेटीवाल्याला आधी हकिकत सांगावी लागते.