भोंगा आणि बाळगोळी

फेब्रुवारी १९२२. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर काँग्रेसची कार्यकारिणी बारडोलीत बसली, सविनय कायदेभंग स्थगित झाला आणि कार्यकर्त्यांच्या हाती विधायक कामं आली. त्यातलं एक व्यसनमुक्तीचं होतं: पिकेटिंगपेक्षा पिणाऱ्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घालायची. वर्ष सरता सरता बारडोलीच्या मुलखातल्या आदिवासींनी खरोखरच दारू-ताडी सोडली, पण ती सलाबाई देवीच्या सांगण्यावरून. ही देवी पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून निघून डोंगर ओलांडत तिकडे पोचली होती. ठरावापेक्षा देवीचा शब्द वरचढ ठरला म्हणायचा.

दोघांचा रोख दारूवर होता. घराघरांत पाळण्यापर्यंत पोचलेला अफूचा अंमल त्यात आला नाही.

त्याच वर्षी मुंबईत डॉ. एफ. डी. बार्न्स या सरकारनं नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी गिरणीकामगार बायकांची पाहणी केली. त्यांच्या अहवालानुसार शंभरातल्या ९८ तान्ह्यांना अफू दिली जात होती. ती बाळगोळीतून जाई. बाळगुटी वेगळी, तिच्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळतात. बाळगोळीत अफू असे. आईचं दूध दिवसभर मिळणार नाही आणि मूल तर रडता कामा नये, त्यावरचा हा तोडगा. त्या वर्षीच्या कायद्यानं कामाचा दिवस फार तर अकरा तासांचा केला होता, म्हणजे तोही मोठाच. गोळीची वेळ बाळाच्या भुकेवर ठरत नसे. सकाळी ती ठरवायचा गिरणीचा भोंगा आणि रात्री थकलेल्या आईची झोप.

मोठ्यांची अफूही घड्याळावर चाले. गुजरात-काठियावाडात पाण्यात घोळलेला कसुंबा पाहुण्याला ओंजळीतून पाजत. नेहमीचा अफूबाज सकाळ-संध्याकाळची आपली वेळ चुकवत नसे. ठरल्या वेळी तल्लफ येई, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

शास्त्रज्ञ या वाटेला बऱ्याच उशिरा आले. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की अफूतल्या मॉर्फिनची तीच मात्रा त्यांच्या जागेपणी, म्हणजे रात्री, वेदना जास्त मारते. शस्त्रक्रियेनंतर बटण दाबून स्वतःच मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांची मागणी काही अभ्यासांत सकाळी चढलेली आढळली. शरीरातली नैसर्गिक वेदनाशामकं, यकृत, मेंदू, सगळ्यांनाच दिवसरात्रीची भरती-ओहोटी असते. अफू श्वासाचा वेग कमी करते आणि गाढ झोपेत तर श्वासावरची मेंदूची पकड आधीच सैल असते. म्हणून रात्रीची मात्रा जास्त धोक्याची.

तान्ह्याची गोष्ट आणखी बिकट. पहिले दोन-तीन महिने त्याला दिवस-रात्रीचा पत्ताच नसतो, देहातलं घड्याळ अजून लागायचं असतं. यकृत कोवळं, त्यामुळे मॉर्फिन मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ अंगात मुरून राहतं आणि पुढची गोळी मागच्या गोळीच्या अंमलावर चढते. वर भूक मेल्यामुळे मूल सुकत जाई, ते वेगळंच.

आयांना दोष देणं सोपं होतं आणि तो पुष्कळांनी दिला. पण मूल ठेवायला जागा कुठे होती? ५० हून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवंच, असं १९४८ च्या कारखाना कायद्यानं सांगितलं. तोवर मुंबईच्या गिरण्यांत बायकांचं प्रमाणच घटत चाललं होतं.