मळसूत्राचं कूळ

1543 साली जपानच्या दक्षिणेला तानेगाशिमा बेटाशी एक चिनी जहाज लागलं. त्यावरच्या पोर्तुगिजांकडून तिथल्या तरुण सरदाराने, तोकिताकाने, दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला तशाच घडवायला सांगितलं. हा याइता किनबेइ तलवारी घडवणारा. नळी त्याने वळली, पण नळीचं मागचं तोंड कसं बंद करायचं ते काही त्याला उमगेना. 1606 साली लिहिलेल्या ‘तेप्पोकी’ या वृत्तान्तात ही अडचण स्पष्ट नोंदवली आहे. पुढच्या वर्षी आलेल्या परक्या जहाजावर एक लोहार होता, त्याच्याकडून किनबेइ ती युक्ती शिकला. त्या बदल्यात त्याने आपली मुलगी वाकासा परदेशी माणसाला दिली, असं लोककथा सांगते. ही युक्ती म्हणजे मळसूत्र: नळीच्या बुडाला आतून आटे पाडायचे आणि आट्यांचा डट्टा फिरवून घट्ट बसवायचा.

आता 30 वर्षं मागे जाऊ. 1513 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्क पोर्तुगालचा राजा मानुएल याला लिहितो की गोव्यातले बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. त्यांतला एक उस्ताद त्याने राजाकडे धाडलाही. त्या बंदुकांचं जे वैशिष्ट्य तो मुद्दाम सांगतो, ते म्हणजे मागे आट्यांनी बसवलेला डट्टा. जपानी लोहार जिथे अडला, नेमकी तीच गोष्ट. हे दोन कागद शेजारी ठेवले, तेव्हापासून माझी खात्री आहे की तानेगाशिमाचं मळसूत्र कोकण किनाऱ्यावरून गेलं.

एवढ्याशा आट्यांचं काय मोठंसं, असं वाटेल. तोडेदार बंदूक भरायची कशी ते पाहा. तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानात रंजक घालायची, तोडा फुंकून निखारा लाल करायचा आणि चाप ओढायचा. बार उडाला की जेवढा जोर गोळीवर, तेवढाच मागच्या डट्ट्यावर. तो डट्टा नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. नुसता ठोकून बसवलेला डट्टा सुटला तर डोळा गेलाच, बहुधा जीवही. शिवाय जळलेल्या दारूची काजळी ओल ओढते आणि खाऱ्या हवेत नळी आतून खाते. आट्यांचा डट्टा असेल तर तो काढून नळी आरपार धुता येते. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची किंमत घाटावरच्यापेक्षा जास्त कळणार.

गोव्याच्या कारागिराला हे कोणी शिकवलं? प्रचलित उत्तर सोपं आहे: पोर्तुगिजांनी. उत्तम बंदुका बोहेमिया आणि जर्मन मुलखात होत, पोर्तुगीज त्या वापरत, त्यांनीच इथे आणल्या. मला हे पटत नाही. गोवा पक्कं हाती आलं 25 नोव्हेंबर 1510 रोजी. तीन वर्षांत परका हुन्नर शिकून गुरूच्या तोडीला पोचणारे लोहार मिळत नसतात. हात आधीच तयार होते. आदिलशाहीच्या गोव्यात शस्त्रागार होतं, गोदी होती, आणि रूमी लोक तिथे जमताहेत ही बातमी आल्बुकर्कच्या स्वारीचं एक कारण होती.

हे रूमी कोण, याचं उत्तर चौलच्या खाडीत आहे. मार्च 1508 मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली इथे आलं. दीवचा मलिक अयाझही येऊन मिळाला. कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा त्यांच्याशी लढला. त्याचं जहाज मच्छीमारांच्या खुंटांत अडकलं आणि तोफेच्या गोळ्याने तो मेला. बापाने फेब्रुवारी 1509 मध्ये दीवला सूड घेतला आणि ते आरमार फुटलं. पण आरमार फुटलं म्हणून त्यावरचे गोलंदाज, सुतार, लोहार हवेत विरत नाहीत; ते जवळच्या सुलतानाकडे चाकरीला राहतात. दीवचे उरलेले रूमी गोव्याला गेल्याचं पोर्तुगिजांचंच म्हणणं होतं. चौल 1508, दीव 1509, गोवा 1510, पत्र 1513, तानेगाशिमा 1543: या साखळीतला पहिला दुवा रूमी आहे, फिरंगी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

रूमी हुन्नर या मुलखात मुरला होता याचा धडधडीत पुरावा विजापूरच्या बुरुजावर आहे. मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहम्मद रूमीने ओतली. चौल निजामशाहीचंच बंदर. निजामशहाच्याच परवानगीने पोर्तुगिजांनी 1521च्या सुमारास रेवदंड्याला कोट घालायला घेतला. पुढे 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याच कोटाला वेढा दिला, तेव्हा फिरंगी उस्तादांची हत्यारं तटाच्या आत आणि रूमी परंपरेची बाहेर अशी महिनोन्महिने समोरासमोर होती. शेवटी तह झाला, कोट पोर्तुगिजांकडेच राहिला, पार 1740 पर्यंत.

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात भारी आक्षेप मात्र फिरंग्यांकडून येत नाही, तो इतिहासकार इरफान हबीब यांच्याकडून येतो. मोगलकालीन तंत्रज्ञानावर लिहिताना त्यांनी दाखवलं की 17व्या शतकातही इथले कारागीर आटे कापत नसत. खिळ्याभोवती तार गुंडाळून डाख देत आणि आट्यांचा भास निर्माण करत. मग 1513 मध्ये कापलेले आटे कुठून? मला वाटतं, दोन्ही खरं आहे. आटे पाडण्याचं हत्यार सरकारी शस्त्रागारात राहिलं, गावच्या भात्यापर्यंत पोचलं नाही. राजाश्रयाचे हुन्नर आपल्याकडे असेच कोंडून राहिले. गोव्याचा उस्ताद लिस्बनला गेला, त्याची युक्ती जपानला पोचली, पण कोकणातल्या लोहाराला तिची गरज पडली नाही.

गरज का पडली नाही, ते जेजालेकडे पाहिलं की कळतं. जेजाला म्हणजे तोफ आणि बंदूक यांच्या मधलं लांब नळीचं हत्यार, तटावर टेकवून लांबचा माणूस टिपायचं. अफगाणांची जझैल हिच्याच गोतातली. 1842 मध्ये काबूलहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेला तिने पल्ल्याबाहेरून टिपलं. अशी नळी लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवून, तापवून, ठोकून होई आणि प्रत्येक नळीचं भोक वेगळं. म्हणून नळीबरोबर तिचा स्वतःचा गोळीचा साचा. शेजारच्याची गोळी तुमच्या नळीत चालायची नाही. घडवणारा बुडाशी भरपूर लोखंड ठेवी, डट्टा तापवून ठोकून बसवी आणि वजनाची पर्वा करत नसे, कारण वजन तटावर टेकणार होतं. आट्यांचं काम जाड लोखंडाने भागत होतं.

आज दूर पल्ल्याची रायफल स्वतःच्या मापाने घडवणारे लोक पुन्हा याच टप्प्यावर येऊन पोचले आहेत. कारखान्यात मिळणाऱ्या काडतुसाचं पितळी कवच घ्यायचं, त्याची मान किंवा खांदा बदलायचा आणि त्या नव्या मापाचं घर नळीत कोरायचं. अशा बिनकारखानी काडतुसाला इंग्रजीत वाइल्डकॅट म्हणतात. .22-250 हे असंच कित्येक वर्षं घरगुती होतं, 1965 मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं. इथेही नळी आणि गोळी जोडीनेच जन्मतात, साच्याच्या जागी डाय आणि रीमर आले एवढंच.

आणि सगळं अडतं आट्यांवरच. रेमिंग्टन 700 च्या अ‍ॅक्शनला इंचाला 16 आटे. नळी कुठवर फिरून बसते यावर काडतुसाच्या बुडाची आणि बोल्टची फट ठरते. ती इंचाच्या काही हजारांश भागांत सांभाळावी लागते. जास्त झाली तर कवच फाटतं, कमी झाली तर बोल्ट मिटत नाही. जुन्या नळीला नवं घर द्यायचं तर कारागीर लेथवर नळीचा खांदा एक आटा मागे घेतो, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, आणि घर पुन्हा कोरतो. किनबेइ अडला होता तो नेमका याच जागी.

माझं मत खरं की खोटं हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, संस्थानिकांच्या शस्त्रागारांत दख्खनी नळ्या आहेत. त्यांच्या मूठ-नक्षीचे फोटो छापून येतात, बुडाचे येत नाहीत. ज्या नळ्यांचा काळ पक्का ठाऊक आहे त्यांच्या बुडाचा क्ष-किरण काढावा. 16व्या शतकातल्या आदिलशाही किंवा निजामशाही नळीत कापलेले आटे दिसले तर रूमींचं पारडं जड होईल. एकाही नळीत ते सापडले नाहीत, आणि गोव्यात घडलेल्यांत मात्र सापडले, तर मला माझी साखळी दीवपाशी तोडून बोहेमियाला जोडावी लागेल.