जदुराय, लांजीचा चाकर

गढा-मंडल्याच्या गोंड घराण्याचा मूळपुरुष जदुराय. संग्रामशाह आणि राणी दुर्गावती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण गोदावरीकाठचा हा शिपाईगडी लांजीच्या हैहय, म्हणजे कलचुरी, राजाकडे चाकरीला होता, ही इंग्रज अधिकारी स्लीमनने नोंदलेली परंपरा कोणी फारशी मनावर घेत नाही. लांजी म्हणजे आमच्या बालाघाट जिल्ह्यातली.

कथा अशी. अमरकंटकला रात्री पहाऱ्यावर असताना जदुरायासमोरून दोन गोंड पुरुष आणि एक बाई गेली, मागून एक वानर. वानराने त्याच्याकडे पाहून मोरपिसे टाकली. नर्मदामाईने स्वप्नात सांगितले, तू राजा होशील. पुढे त्याने गढ्याच्या गोंड राजाची मुलगी केली आणि गादी मिळवली.

भांडण त्याच्या गादीवर बसण्याच्या सालाचे आहे. परंपरा सांगते संवत ४१५. विक्रम संवत धरला तर इ.स. ३५८, पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने कलचुरी संवत धरून ६६४ काढले. वरवर हिशेब जमतो. १६६७ च्या रामनगर शिलालेखात तेव्हाचा राजा हृदयशाह याच्यापर्यंत ५४ राजे आहेत, संग्रामशाह ४८ वा. त्याच्यानंतरच्या पाच राजांना नव्वदेक वर्षे लागली, म्हणजे सरासरी अठरा. त्याच मापाने मागे गेले की सातवे शतकच येते.

पण गढ्याला खेटून त्रिपुरी, आणि तिथे बारावे शतक सरेपर्यंत कलचुरी नांदत होते. त्यांच्या उशाशी पाचशे वर्षे दुसरे राज्य? पटत नाही. शिवाय यादीत यशःकर्ण आणि कर्ण आहेत. त्रिपुरीच्या बापलेकांची हीच नावे. वंशावळ रचणाऱ्यांनी नावे आणि संवत दोन्ही कलचुरींकडून उचलले, हे माझे मत.

लांजीचा पुरावा मात्र दगडावर आहे. रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या लेखात, कलचुरी संवत ८६६, म्हणजे १११४ साली, खंडणी देणाऱ्यांत लांजिका, म्हणजे लांजी, येते. तिथल्या हैहयांची चाकरी करायची तर जदुराय त्या काळातला किंवा नंतरचा, फार आधीचा नव्हे. त्रिपुरी ढासळल्यावरच गढ्यात त्याला जागा मिळाली असणार.



तेव्हा त्याच अठरा वर्षांच्या मापाने संग्रामशाहाआधीच्या ४७ नावांपैकी सोळा-सतराच खरी असावीत, बाकी भरताड. पण माझ्या मते जदुराय खरा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याने मीठ खाल्ले ते लांजीचे.