कमला सोहोनी : सी. व्ही. रामन यांनी नाकारलेली मुलगी पुढे मोठी शास्त्रज्ञ झाली

धाराशिव जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा ही नेहमीची पिकं. कडधान्य कच्चं न खाता नीट शिजवून खावं, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. पण असं का? या प्रश्नामागचं रसायनशास्त्र भारतीय कडधान्यांमध्ये तपासणाऱ्यांपैकी एक होत्या डॉ. कमला सोहोनी.

कोण होत्या कमला सोहोनी?

माहेरच्या कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या भगिनी.

रामन यांनी प्रवेश का नाकारला?

१९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि संशोधनासाठी त्यांनी त्याच बंगळुरूच्या संस्थेत अर्ज केला. तेव्हा संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. कमला थेट बंगळुरूला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत.

शेवटी रामन तयार झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, काम पसंत पडलं तरच पुढचा विचार, आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं इतर मुलींसाठीही उघडली.

केंब्रिजमध्ये काय शोधलं?

दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली आणि केंब्रिज गाठलं. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशींना ऊर्जा मिळण्याच्या प्रक्रियेत या घटकाची भूमिका महत्त्वाची असते. त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली; विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक ठरल्या.

सामान्य माणसाला काय मिळालं?

दिल्ली आणि कुन्नूर इथे काम करून १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवता शिकवता त्यांनी गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा अभ्यास केला.

कडधान्यांत 'ट्रिप्सिन इनहिबिटर' नावाची प्रथिनं असतात. आपल्या पोटातलं ट्रिप्सिन हे विकर प्रथिनं पचवतं, आणि हे घटक त्यालाच अडवतात. उष्णतेने त्यांचा जोर बराच कमी होतो. म्हणून डाळ असो की सोयाबीन, शिजवणं गरजेचं.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही काम केलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गर्भवतींना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचं दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालकही झाल्या.

वारसा

ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी भेसळीविरुद्धही काम केलं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. १८ जून २०२३ रोजी गुगलने डूडल करून त्यांना मानवंदना दिली.

धाराशिवचा समावेश नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये आहे आणि त्या यादीचे निकष ठरवताना आरोग्य आणि पोषणाला मोठं वजन दिलं गेलं. स्वस्त अन्नातून पोषण कसं मिळेल, हा कमलाताईंचा प्रश्न म्हणूनच आजही जुना झालेला नाही.